मावशीच्या नाकाचा निकाल

आमच्या कारखान्यातले लोक हल्ली मावशीचा विषय निघाला की हळहळतात. "काय नाक होतं बाईंचं! वय झालं, दुसरं काय," असं म्हणून चहाचा घोट घेतात. त्यांच्या त्या हळहळण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं वाटतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी. मावशीचं वय झालं नव्हतं. ती साठीलाही पोचली नव्हती, आणि त्या दिवशी तिचं नाक शंभर टक्के बरोबर होतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण ज्या वासाला ती नाव देत होती तो वास मीच तिथे नेऊन ठेवला होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. सिगारच्या कारखान्यात ती चाखणारी होती. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे पानांच्या शिरा काढायला लागली. ओलसर पान मांडीवर पसरायचं, मधली शीर बोटाभोवती गुंडाळायची आणि पान न फाटता एका ओढीत बाहेर काढायची, हे काम तिने तीन वर्षं केलं. मग एकदा गोदामात पानांचे नवे गठ्ठे उतरत होते आणि ही दारातून जाता जाता म्हणाली, "तो चौथा आतून कुजलाय." मुकादम हसला. थोरले मालक तेव्हा हयात होते, त्यांनी गठ्ठा फोडायला लावला. आत मूठभर बुरशी निघाली. पुढच्या आठवड्यात मावशी म्हाताऱ्या चाखणाऱ्याच्या हाताखाली गेली, आणि पाच वर्षांनी त्याच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत तिने एकोणतीस वर्षं काढली.

चाखणीची खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला दवाखान्याची आठवण झाली होती. पांढऱ्या भिंती, एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची. टेबलावर कोमट पाण्याचा पेला, सुक्या पावाचे तुकडे, राखेसाठी रुंद बशी आणि लांब लाकडी काड्या. सिगार यायची ती नावाच्या कागदी पट्टीशिवाय. बशीवर खडूने नुसता आकडा. मुकादमाने बशी ठेवायची आणि तोंडातून अक्षर न काढता निघून जायचं. पान कुठलं, किंमत काय, कोणासाठी बनवली, काही म्हणजे काही सांगायचं नाही. एकदा मुकादमाच्या तोंडून "ही जरा बघा बरं का" एवढंच गेलं, तर मावशीने बशी परत पाठवली. "एकदा कानात काही पडलं की जीभ तेच बोलायला लागते," ती म्हणायची. "मग मी चाखत नाही, नुसती मान डोलावते. त्यासाठी मला पगार देऊ नका."

हे खूळ घरीही होतंच. मी पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले, आणि पहिल्याच दिवशी माझा साबण खिडकीतून बाहेर गेला. का, तर त्याला गुलाबाचा वास होता. घरात फोडणी नाही, तळण नाही, अत्तर नाही, पावडर नाही. फिकी उकडलेली भाजी, पाव आणि बिनसाखरेचा चहा. माझ्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या, कारण ही दारातच त्यांना हुंगायची. तिचं स्वतःचं लग्नही असंच मोडलं होतं. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, पण डोक्याला चमेलीचं तेल लावून आला. ती पंधरा मिनिटांत आठ वेळा शिंकली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. आजीने विचारलं, "अगं, तेल बदलता येतं!" तर ही म्हणाली, "माणूस बदलता येत नाही ना. एवढं तेल लावणारा माणूस आयुष्यभर काही ना काही लावणारच."

हे सगळं ती हसत सांगायची. मी मात्र नेहमी हसायचे नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीने बिनवासाचं जगायचं म्हणजे काय ते तिला कळत नव्हतं. आमची आठवड्यातून दोनदा तरी जुंपायची. पण कारखान्यात मी सिगारींना पट्ट्या लावण्याच्या विभागात बसायचे आणि तिथे तिची भाची म्हणून माझा जो मान होता तो मला हवाच होता. त्यात मला कधी काही खुपलं नाही.

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक आले. या माणसाचा मला राग आहे हे मी लपवत नाही. त्याने आल्या आल्या स्वाद मुरवलेल्या सिगारींचं खूळ काढलं. व्हॅनिला, मध, रम, कॉफी, काय वाटेल ते. लोकांना वाटतं मावशी त्याच्या विरुद्ध होती. ते साफ खोटं आहे. व्हॅनिलाच्या सिगारला तिने ब्याऐंशी मार्क दिले होते आणि मधाच्या सिगारला एकोणऐंशी. पान चांगलं असलं तर स्वाद त्याच्या अंगावर बसतो, असं ती म्हणायची. पान वाईट असलं तर तोच स्वाद त्याच्या तोंडावर टाकलेलं पांघरूण होतो, आणि मग पांघरूण उचलून बघणं हे तिचं काम.

मग आली संत्र्याची. संत्र्याची साल आणि कॉफी मुरवलेली, सगळ्यात महाग, काळ्या पेटीत एकेक सिगार वेगळ्या कागदात. धाकट्या मालकांनी त्यावर वर्ष घातलं होतं. मार्क पडायच्या आधीच त्यांनी पहिल्या अठरा पेट्या भरूनही घेतल्या होत्या, म्हणजे चाखणी ही त्यांच्या लेखी नुसता शिक्का मारण्यापुरती होती. तो शिक्का घ्यायला ते स्वतः चाखणीच्या खोलीत आले. मी सोनेरी पट्ट्यांचा नमुना दाखवायला दारात उभी होते, म्हणून मी ते सगळं पाहिलं.

मावशीने सिगार उचलून टोकापासून बुडापर्यंत बोटांनी हलकेच दाबली. कुठे पोकळ नव्हती. मग नाकाखाली धरली. मग टोक कापून न पेटवताच ओढली, आणि जिभेने ओठ चाटले. "टोकाला साखरपाणी लावलंय," ती म्हणाली. मालक हसले. तिने काडी पेटवली, काडीचा पहिला भडका जाऊ दिला, आणि सिगार गोल फिरवत सावकाश पेटवली. ती धूर कधी गिळायची नाही. तोंडात फिरवायचा, बराचसा सोडून द्यायचा आणि उरलेला थोडासा नाकातून काढायचा. तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही.

पहिल्या भागात तिने लिहिलं, "संत्र्याची साल, ताजी. कॉफी, जरा जास्त भाजलेली. छान." मालकांनी ते वाकून वाचलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. पाऊण तास गेला. राख दोन बोटं वाढून बशीत पडली. मधल्या भागात मावशीने पाण्याचा घोट घेतला, पावाचा तुकडा चावला, पुन्हा ओढली, पुन्हा नाकातून सोडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पेन उचललं. "संत्रं संपलं. खाली खताच्या गोणीसारखा उग्र वास, घशाला झोंबतो. पान नीट आंबलेलं नाही." शेवटचा भाग तिने फक्त चार झुरक्यांपुरता ओढला. खाली आकडा लिहिला. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली मार्क पडले की माल बाहेर जात नाही, हा थोरल्या मालकांच्या काळापासूनचा नियम होता.

"अठ्ठेचाळीस?" मालक म्हणाले.

"अजून आठ महिने आंबवा पान. मग मुरवा संत्रं. सत्तरच्या वर जाईल, माझी खात्री आहे."

"आठ महिने? बाई, तुम्ही पूर्ण ओढता म्हणून तुम्हाला कळलं. गिऱ्हाईक अर्धीच ओढतं."

"मग अर्धीच विका," मावशी म्हणाली.

मला तिथे हसू फुटलं. मालकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी पट्ट्या मोजायला लागले.

आता माझं सांगते. त्याआधी दोन-तीन आठवड्यांची गोष्ट. त्या अठरा काळ्या पेट्या ठेवायला मुरवणीच्या खोलीत जागा नव्हती. मालक सगळ्यांच्या डोक्यावर बसले होते. "कुठेही ठेवा, पण माल मला बांधलेला दिसला पाहिजे!" कुठेही म्हणजे कुठेही नव्हे, हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे. स्वाद मुरवलेली सिगार आणि साधी सिगार एका छपराखाली ठेवत नाहीत. साधं पान वास ओढून घेतं आणि मग तो वास कधी सोडत नाही. साध्या सिगारींसाठी देवदाराचं मोठं कपाट होतं, त्याची किल्ली फक्त मावशीकडे असायची. तिची कंबर धरायला लागल्यापासून ती किल्ली तिने माझ्याकडे दिली होती. "तुझ्याशिवाय कोणाच्या हातात देणार?" असं म्हणून दिली होती.

त्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा होता. मी पेट्यांना दुहेरी कागद गुंडाळला आणि तिथे सरकवल्या. एक दिवसापुरत्या, असं स्वतःला सांगितलं. नऊ दिवस राहिल्या. मग त्या हलवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि विसरून गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं. मुकादमाने नाही, मालकांनीही नाही. घाई होती, पेट्या जड होत्या आणि कपाट जवळ होतं, एवढंच कारण.

अठ्ठेचाळीस मार्कांनंतर मालक चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी त्यांनी तीन बड्या गिऱ्हाइकांना बोलावलं. कारखाना दाखवायचा, जेवण घालायचं आणि मग म्हणे गंमत म्हणून आमच्या चाखणारीची करामत दाखवायची. पट्टी नसलेल्या पाच सिगारी. बाईंनी ओळखून सांगायचं. मावशीला असली सर्कस आवडत नव्हती, पण पाहुण्यांसमोर नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तिला भीती कसली असणार? तिच्या आयुष्यात या एका गोष्टीत ती कधी चुकलीच नव्हती.

त्या सकाळी आमचं घरी कडाक्याचं भांडण झालं होतं. मी एक छोटी तेलाची बाटली आणली होती, कपाटात कपड्यांखाली लपवून ठेवली होती. तिने ती दुसऱ्या खोलीतून हुंगून शोधली आणि मोरीत ओतली. मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्यासारखं एकटं मरायचं नाही मला, असंही बोलले. ती चप्पल घालून निघाली.

पाहुणे चाखणीच्या खोलीत खुर्च्या टाकून बसले होते. मी बशा आणून देत होते. पहिली सिगार तिने चार झुरक्यांत ओळखली, व्हॅनिलाची. दुसरी साधी. ती कुठल्या शेडमधलं पान आहे आणि ते कुठल्या बाजूच्या खिडकीजवळ वाळवलंय तेही सांगितलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. तिसरी साधी, चौथी मधाची. मालकांचं तोंड बारीक होत चाललं होतं आणि मला सकाळचा राग असूनही आतून गुदगुल्या होत होत्या.

आधीच्या दोन्ही साध्या मुकादमाने आदल्या दिवशी वळलेल्या मालातून आणल्या होत्या, पाचवी मात्र मी कपाटातून काढून आणली होती. आमची सगळ्यात जुनी साधी सिगार. तिची चव ठरवण्यात मावशीचाच हात होता. मावशीने ती पेटवली, एक झुरका घेतला, दुसरा घेतला आणि थांबली. पाणी प्यायली. पुन्हा ओढली. धूर नाकातून सोडला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हिच्यात संत्रं आहे," ती म्हणाली.

त्याच क्षणी मला सगळं आठवलं. कागद, खालचा कप्पा, नऊ दिवस.

मालकांनी बशीखालचा कागद काढून पाहुण्यांना दाखवला. "साधी आहे बाई. तुमची स्वतःची. हिच्यात संत्रं कुठून येणार?"

पाहुणे हसले. त्यातला एक जाडा, अत्तर फवारून आलेला, म्हणाला, "म्हणजे तुमच्या त्या नव्या सिगारचंही असंच झालं असेल हो!" हा माणूस तिथे अत्तर मारून आला होता आणि नाकाबद्दल बोलत होता.

मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने सिगार पुन्हा हुंगली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. कामाचा प्रश्न होता, तो तिने कामासारखाच विचारला.

"कपाटात काही ठेवलं होतंस का ग?"

एक "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. मालक माझ्याकडे बघत होते, मुकादम बघत होता, किल्ली माझ्या कमरेला होती. नोकरी जाईल, असं वाटलं. सगळ्यांसमोर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असंही वाटलं. आणि तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही. मोरीत गेलेलं माझं तेल मला आठवलं आणि मनात आलं, होऊ दे एकदा हिचं नाक खाली.

"नाही," मी म्हणाले.

मावशीने मान हलवली. सिगार बशीत ठेवली. "मग माझं चुकलं असेल," ती म्हणाली. एकोणतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून त्या खोलीत कोणी ऐकलं नव्हतं.

पुढचं सगळं गाडीला ब्रेक नसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी संत्र्याच्या सिगारचे मार्क "पुन्हा चाखणी करून" एक्क्याऐंशी झाले. ती चाखणी कोणी केली ते मी अजून विचारते आहे. मावशी घरी आली की खिडकीपाशी बसायची. चहा द्यायला गेले की कप नाकाशी नेऊन बराच वेळ तसाच धरायची. माझी झोप उडाली, तरी मी मूग गिळून बसले. तीन दिवस, चार दिवस, पाच दिवस. रोज ठरवायचे की आज सांगते, आणि रोज भाजी चिरत बसायचे.

सहाव्या दिवशी मी सांगितलं, पण कोणाला, तर मालकांना. हा माझा दुसरा गाढवपणा. मला वाटलं त्यांना कळलं की ते मावशीला परत बोलावतील, आणि मग घरी जाऊन मी एकदम चांगली बातमीच सांगेन. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. नऊ दिवस का दहा, खालचा कप्पा का मधला, असंही विचारलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. बघतो मी." चहा पण पाजला.

दोन दिवसांनी मी मुकादमाला हाताला धरून कपाटापाशी नेलं, त्यालाही वास दाखवायला. कपाटाचं कुलूप तोडलेलं, आणि सगळ्या फळ्या नव्या होत्या. कोऱ्या, रंधा मारलेल्या. आतला माल गायब, सगळा बांधून गिऱ्हाइकांकडे रवाना झालेला. मुकादमाने कपाटात डोकं घातलं आणि म्हणाला, "कुठे काय? मस्त देवदाराचा वास येतोय." मी ओरडतच केबिनमध्ये गेले.

"कुठलं संत्रं?" मालक म्हणाले. "हे बघ, कपाट बिघडलं असं म्हटलं तर अख्खा माल परत मागवायला लागेल. बाईंचं नाक बिघडलं म्हटलं तर बाईंना आराम मिळतो. त्यांचं वयही झालंय. तू हुशार मुलगी आहेस." त्यांच्या टेबलावरची काचेची राखदाणी त्यांच्या डोक्यात घालावी असं मला तेव्हा वाटलं, आणि ती घातली नाही याचं मला अजूनही पूर्ण समाधान नाही.

मग निरोपाचा कार्यक्रम झाला. पट्टीच्या विभागात टेबलं बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या. मावशीला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मालकांनी भाषण केलं, त्यात तिला संस्थेचं नाक म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी उभी राहिले. सगळ्यांच्या देखत, एका दमात सांगितलं. पेट्या मी ठेवल्या, कपाट मी उघडलं, मावशीने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, त्या सिगारमध्ये संत्रं होतं, मावशी बरोबर होती. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, मला हाकलतील.

कोणी हाकललं नाही. शिरा काढणाऱ्या बायकांनी डोळे पुसले. मालक पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मावशीसाठी भाची सगळा दोष स्वतःवर घ्यायला निघाली," ते म्हणाले. "अशी माया हल्ली कुठे बघायला मिळते?" पुन्हा टाळ्या. मला नोकरीवरून काढायचीही कोणाला गरज वाटली नाही. माझा खरेपणा त्यांनी असा कौतुक करून करून मारला.

मावशी त्या घड्याळाचं खोकं मांडीवर धरून माझ्याकडे बघत होती. घरी दारातून आत आल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून तेच सगळं पुन्हा सांगितलं. तेलाच्या बाटलीचंही सांगितलं. मला वाटलं ती थोबाडीत मारेल. मला ती हवी होती.

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "माझं मन राखायला खोटं बोलू नकोस ग."

"मी खोटं तेव्हा बोलले! आत्ता खरं बोलतेय!"

"तेव्हा मी तुला अचानक विचारलं होतं. विचार करायला वेळ नव्हता तुला. माणूस असं पटकन बोलतं तेव्हा खरंच बोलतं. आता आठ-दहा दिवस तू मला खिडकीत बसलेली बघतेयस. तुला वाईट वाटणारच."

मी डोकं धरून बसले. मग उठले आणि पर्समधून ती काढली. त्या कपाटातली एक सिगार मी कसली तरी आशा ठेवून पाहुणे गेले त्याच दिवशी उचलली होती, फळ्या बदलायच्या आधी. काड्या आणल्या, पाणी आणलं. "ओढ," म्हणाले. "तू स्वतः ओढ आणि सांग मला."

तिला नको होतं. मी हट्टाला पेटले. शेवटी तिने टोक कापलं, काडीचा भडका जाऊ दिला, फिरवत पेटवली. पहिला झुरका. दुसरा. नाकातून धूर. डोळे अर्धे मिटलेले. आणि मी पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की तिला तो वास आला. तिच्या नाकपुड्या हलल्या, कपाळावर तीच आठी आली.

"आहे ना?" मी ओरडले. "संत्रं आहे ना?"

"लागतंय खरं," मावशी म्हणाली. मग तिने सिगार बशीत ठेवली. "पण तू सांगितलंस म्हणून लागत असेल."

मी बशी उचलून भिंतीवर फेकली. घरभर राख झाली. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण पट्टीच्या विभागातून दुसऱ्या दिवशी न सांगता तीन सिगारी आणल्या, एक संत्र्याची, दोन साध्या, डोळे मिटून फिरवल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्यांना हात लावला नाही. "घरातले पण आता माझी परीक्षा घेणार का?" एवढंच म्हणाली, आणि त्या आवाजात इतकी वर्षं ऐकलेला तिचा दरारा थोडा होता, म्हणून मला बरं वाटलं. पण ती उठून आत गेली.

परवा सकाळी मी कामावर जायला केस विंचरत होते. मावशी स्वयंपाकघरातून दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बघ ग जरा, नासलंय का?"

"तूच बघ की!" मी किंचाळले. "तुझ्या नाकाला काय धाड भरलीय? काही झालेलं नाही तुझ्या नाकाला!"

ती हलली नाही. पातेलं तसंच पुढे धरून थांबली. शेवटी मी कंगवा खाली ठेवला, वाकले आणि वास घेतला.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

तिने लगेच विश्वास ठेवला आणि चहा टाकायला गेली.